पद्मिनी घेऊन नाना पेठेजवळच्या फियाटवाल्या गॅरेजात गेलो, तीन आठवड्यांचा अनुभव

आधी गाडी सांगतो म्हणजे पुढचं कळेल. प्रीमियर पद्मिनी, जिला लोक फियाटच म्हणतात, १९८६ ची, पांढरी, बाबांनी नवीन घेतलेली. स्टेअरिंगला हात-गिअर, पुढं सोफ्यासारखी सलग सीट, दाराला त्रिकोणी काच, आणि नंबर अजून तोच जुना तीन अक्षरांवाला, एमएच-१२ सुरू व्हायच्या आधीचा. चाळीस वर्षं होत आली, गाडी घरात आहे आणि चालू आहे, कव्हर घालून नुसती उभी नसते. पण गेल्या दोन उन्हाळ्यांपासून एक रोग लागला होता. शहरात ठीक, हायवेला ठीक, खंबाटकी घाट लागला की दोन-तीन वळणांत इंजिन मिस मारायला लागायचं, मग झटके, मग बंद. वीस मिनिटं बॉनेट उघडून थांबलं की परत चालू, जणू काही झालंच नाही. जुन्या लोकांना हे चित्र ओळखीचं आहे, एक्सप्रेसवे व्हायच्या आधी मे महिन्यात खंडाळ्याच्या घाटात एखादी फियाट बॉनेट उघडून उभी असायचीच आणि कोणीतरी इंजिनाच्या कडेच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकत असायचं, पेट्रोलची वाफ होऊन अडकते म्हणून. मी पण तेच केलं, ओलं फडकं, पाणी, सगळं. फरक शून्य.

त्याआधी दोन गॅरेजं फिरून झाली होती, नावं घेत नाही. एकाने न विचारता आख्खा कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) बदलला, डुप्लिकेट बसवला, आणि सोलेक्स कंपनीचा ओरिजिनल परत मागितला तर म्हणे भंगारात गेला. दुसऱ्याने गाडीला हात न लावता सांगितलं की साहेब विकून टाका, आता ही गाडी समजणारी माणसं राहिली नाहीत. पहिल्याचा राग आला होता पण दुसऱ्याचं वाक्य जास्त लागलं, कारण मला पण आतून तीच भीती होती. माझं वय ४८, मी बाबांच्या शेजारी बॅटरी धरून उभा राहून जे शिकलो तेवढंच मला येतं, बाबा ७९ चे झाले, आता ते चालवत नाहीत, आणि माझ्या पुतण्याला चोक म्हणजे काय हे मला समजावून सांगावं लागलं.

या गॅरेजचा पत्ता एका रिक्षावाल्याने दिला, सिग्नलला थांबलो होतो तेव्हा, म्हणाला फियाट आहे ना, मग नाना पेठेच्या मागच्या बाजूला काका आहेत त्यांच्याकडं न्या. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांची रांग आहे हे पुणेकरांना सांगायला नको, त्या गर्दीतून आत एक बोळ जातो तिथं हे आहे. बोर्ड छोटा, रंग गेलेला. आत मात्र जागा खोल आहे, पाच-सहा गाड्या राहतात. मी गेलो तेव्हा एक डुक्कर फियाट होती (पद्मिनीच्याही आधीची), एक माझ्यासारखी पद्मिनी, एक पालिओ, दोन लिनिया आणि कोपऱ्यात काळी पुंतो अबार्थ. म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यापासून रांजणगावच्या कारखान्यापर्यंतचा सगळा वंश एका छपराखाली. मला तिथंच बरं वाटलं.

काका सत्तरीच्या पुढचे. मूळचे साताऱ्याकडचे, पोरवयात मुंबईला गेले आणि टॅक्सीच्या गॅरेजात शिकले, जेव्हा मुंबईची टॅक्सी म्हणजे फियाटच. गॅरेज आता त्यांची मुलगी चालवते, तिला सगळे ताई म्हणतात, माझ्यापेक्षा लहान आहे पण मी पण ताईच म्हणायला लागलो. तिने ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केलाय. कामाची वाटणी मला आधी अशी वाटली की कार्बोरेटरवाल्या गाड्या काकांच्या आणि लॅपटॉपवाल्या ताईच्या. तसं नाहीये, आणि माझ्या गाडीचं काम त्यामुळंच झालं.

पहिल्या दिवशी काकांनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं, मोठा स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक टॅपेट कव्हरवर (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटवरचं झाकण) आणि मूठ कानाला. दहा मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग प्लग काढले. चारही पांढरट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पेट्रोल-हवेचं मिश्रण बरोबर असलं की प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं होतं, पेट्रोल जास्त असेल तर काळं काजळ धरतं आणि पेट्रोल कमी पडत असेल तर पांढरं दिसतं, म्हणजे इंजिन उपाशी आणि गरम चालतंय. काका म्हणाले, "हिला पेट्रोल पुरत नाहीये. आणि गरम झाल्यावर कंडेन्सर पण दगा देतोय, पॉइंट बघ कसे जळालेत." पॉइंट आणि कंडेन्सर म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या जुन्या यंत्रणेचे भाग. मी विचारलं की काका मग कार्बोरेटर साफ करायचा का, तर म्हणाले, "थांब, घाई नको. ताईला बघू दे."

ताईने सायलेन्सरच्या नळीत एक सेन्सर अडकवला, हवा आणि पेट्रोलचं प्रमाण आकड्यात दाखवणारा, त्याचा छोटा डिस्प्ले विंडस्क्रीनला चिकटवला आणि आम्ही तिघं दिवे घाटात गेलो. मी चालवतोय, ताई शेजारी आकडे लिहितीये, काका मागं बसून नुसतं ऐकतायत. चढाला लागलो तसे आकडे वर जायला लागले, म्हणजे मिश्रण पातळ होत होतं, आणि गंमत अशी की प्रत्येक वेळी आकडा बदलायच्या एक-दोन सेकंद आधी काका मागून म्हणायचे, "आता सुटतंय." ताईने वहीत दोन रकाने केले, एकात आकडा, एकात काका बोलले ती वेळ. ती वही मी नंतर मागून पाहिली, दोन्ही रकाने जुळत होते.

आता कारण. हे नीट वाचा, जुन्या गाड्यावाल्या सगळ्यांच्या कामाचं आहे. २०२३ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल यायला लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे साधारण १४.७ किलो हवा लागते तर या मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला हे पेट्रोल जास्त द्यावं लागतं. नवीन गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो, तो गाडीच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, कळवतो आणि ईसीयू इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवतो, काम झालं. कार्बोरेटरला हे कोण सांगणार? त्याच्या जेटला जेवढं भोक आहे तेवढंच पेट्रोल जाणार. म्हणजे माझी गाडी जुन्याच हिशोबाने नवीन पेट्रोल पीत होती आणि चढाला उपाशी पडत होती. आणि दुसरं, इथेनॉल जुन्या रबराला खातं. काकांचा सगळा अनुभव जुन्या पेट्रोलवरचा, त्यांनी पाइप बाहेरून दाबून पाहिला होता आणि ठीक आहे म्हणाले होते. ताईकडं एक पोरगा रविवारी येतो, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा, तो म्हणाला काका मी कापून बघू का. कापला तर आतला थर फुगून सोलला गेलेला, काळे कण बोटाला लागत होते. तेच कण कार्बोरेटरच्या निडल व्हॉल्व्हवर जाऊन बसत होते. चढाला, जेव्हा इंजिनाला जास्त पेट्रोल हवं असतं, तेव्हाच वाट अरुंद.

काका त्या पाइपाकडं बराच वेळ बघत होते. मग पोराला म्हणाले, "पन्नास वर्षं पाइप बाहेरूनच बघितला रे मी. बरं केलंस." एवढंच. मी अशी बरीच गॅरेजं पाहिलीत जिथं अशा वेळी पोराला गप्प बसवतात.

मग काम झालं ते असं. टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंत इथेनॉल चालणारे नवीन पाइप, पंपाचा पडदा नवीन, टाकी काढून आतून धुतली कारण इथेनॉल पाणी ओढतं आणि तळाला गंज धरला होता. सोलेक्सचा जुना कार्बोरेटर काकांनी त्यांच्या डब्यातून दिला, हो, बिस्किटाचे जुने पत्र्याचे डबे भरून जेट, निडल, गॅस्केट ठेवलेत त्यांनी. मेन जेट एक नंबरने मोठा घातला, परत दिवे घाट, आकडे बघितले, प्लग काढून रंग बघितला. बिस्किट! दोन्ही चाचण्या पास झाल्याशिवाय गाडी द्यायची नाही असा त्यांच्याकडं नियम आहे, आणि काम चांगलं होण्याचं अर्धं श्रेय मी त्या नियमाला देईन. कंडेन्सरला जरा त्रास झाला. बाजारातले नवीन कंडेन्सर फार वाईट येतायत, पहिला नवीन घातलेला दोन दिवसांत गेला, शेवटी काकांनी जुन्या स्टॉकमधला, पाकिटावर धूळ बसलेला एक शोधून बसवला. तुमच्याकडं घरी आजोबांच्या खोक्यात पॉइंट-कंडेन्सर पडले असतील तर कृपा करून फेकू नका.

आता रविवारचं सांगतो, कारण माझ्या मते या जागेची खरी किंमत रविवारी कळते. रविवारी सकाळी काम बंद असतं पण शटर उघडं असतं आणि फियाटवाले जमतात. आठ वाजता पहिल्यांदा पोहोचतात ते साठी-सत्तरीवाले, थर्मासमध्ये चहा घेऊन, पद्मिनीवाले. त्यातले एक आजोबा रोज त्याच गाडीने मंडईला जातात. मग माझ्या वयाचे येतात, उनो आणि पालिओवाले. पालिओ २००१ ला आली तेव्हा आम्ही पंचविशीत होतो, १.६ चं इंजिन आणि सचिनची जाहिरात, पगार पुरत नव्हता तरी शोरूमला जाऊन बसून यायचो. आणि दहा-साडेदहाला पोरं येतात, कोणाकडं लिनिया टी-जेट सेकंड हँड घेतलेली, कोणाकडं पुंतो, एकाकडं ती काळी अबार्थ, २०१५ मध्ये आलेली, १४५ हॉर्सपॉवरची. काहींकडं गाडीच नाही, बसने येतात आणि हात काळे करून जातात.

सुरुवातीला या तीन गटांमध्ये बरीच खेचाखेची होती असं ताई म्हणाली आणि मी पण थोडी पाहिली. म्हाताऱ्यांची तक्रार अशी की पोरांना फक्त आवाज पाहिजे, सायलेन्सर कापायचा, स्टिकर लावायचे आणि व्हिडिओ टाकायचा, टॅपेट म्हणजे काय माहीत नाही. पोरांची तक्रार अशी की काहीही विचारलं तर आधी "आमच्या वेळी" ऐकावं लागतं आणि उत्तर मिळतच नाही. दोन्ही तक्रारी मला खऱ्या वाटतात. पण मी इथं पोरांच्या बाजूने बोलणार आहे, माझ्या वयाच्या लोकांना राग आला तरी चालेल.

आमच्या वडलांच्या पिढीला गाडी यायची कारण गाडी बंद पडायची. दुसरा उपाय नव्हता. टाकीला बारीक गळती लागली तर साबण घासून बुजवायची, रेडिएटर गळायला लागला तर हळद टाकायची, हे सगळं गरजेतून आलं. लांब निघायचं म्हणजे फॅन बेल्ट, पॉइंट, प्लग आणि पाण्याचा कॅन डिकीत. माझे बाबा बँकेत क्लार्क होते आणि त्यांना टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची नेमकी वेळ, लावता यायचं, रस्त्यात अडकलेल्या माणसाला ते यावंच लागायचं. आजच्या विशीतल्या पोराची गाडी बंद पडतच नाही. पडली तर टोइंग येतं. त्याला शिकायची कसलीही सक्ती नाहीये, आणि तरी तो रविवारी झोप सोडून नाना पेठेत येऊन चाळीस वर्षं जुन्या कार्बोरेटरचा फ्लोट हातात घेऊन विचारतो की हा किती उंचीवर बसवायचा. याच्याइतकं प्रेम आमच्या पिढीने पण दाखवलेलं नाही, आम्ही मधले लोक तर सर्व्हिस सेंटरला किल्ली देऊन मोकळे व्हायला सगळ्यात आधी शिकलो.

आणि ती पोरं काय घेऊन येतात ते पण बघा. काच वर-खाली करायच्या हँडलमागं प्लास्टिकची चकती असते, पद्मिनीवाल्यांना माहीत असेल, ती कुठंच मिळत नाही. त्यातल्या एकाने मोजमाप घेऊन थ्रीडी प्रिंटरवर बनवली. पहिली बनवली ती उन्हात गाडी उभी राहिल्यावर वाकली, कारण प्लास्टिक साधं होतं आणि बंद गाडीतली उष्णता त्याला सोसली नाही, मग दुसऱ्या मटेरियलची केली ती एप्रिलपासून टिकलीये. माझ्या चारही दारांना आता नवीन चकत्या आहेत. मंडईवाल्या आजोबांची गाडी पन्नास वर्षांची झाली तेव्हा पोरांनी त्यांना विंटेज नोंदणीचा नियम शोधून दाखवला, व्हीए अक्षरांचा खास नंबर मिळतो, नोंदणीला वीस हजार लागतात. आजोबांनी सगळं ऐकलं, मग विचारलं की त्या नंबरावर रोज मंडईला जाता येईल का. नियमात नाही येत, रोजच्या वापराला परवानगी नाही. आजोबा म्हणाले मग नको मला, गाडी वापरायला घेतली होती. पोरं त्यावर टाळ्या वाजवत होती.

याच्या उलट बाजू पण आहे आणि ती मला रात्री जागं ठेवते. काकांचा कान कमी होत चाललाय. पन्नास वर्षं इंजिनाशेजारी काढली, उंच आवाज आता नीट येत नाहीत, स्क्रू ड्रायव्हर म्हणूनच इतका वेळ कानाला लावून ठेवतात. हे त्यांनी स्वतःच सांगितलं, सहज, चहा पिताना. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी राहिली नाही, तेव्हा लोकांनी फोटो टाकले, हळहळले, ठीक आहे. पण काकांसारखे जे कान आहेत, जे त्या हजारो टॅक्सी ऐकून तयार झाले, ते पण जातायत आणि त्याचा फोटो निघत नाही.

त्या इंजिनीअरिंगच्या पोराने यावर एक काम सुरू केलंय ज्यासाठी मी त्याला कितीही चहा पाजायला तयार आहे. दर रविवारी एका गाडीचं इंजिन चालू करून चांगल्या माइकने आवाज घ्यायचा, मग काकांना विचारायचं काय ऐकू येतंय, आणि काका जे बोलतील ते जसंच्या तसं, त्यांच्या शब्दात, त्याच आवाजाला जोडून ठेवायचं. "टॅपेट सैल, शिलाई मशीनसारखं." "हे टायमिंग पुढं गेलंय, चढाला खडखडेल." "बेरिंग नाही हे, हा डायनॅमोचा पट्टा." कधी मुद्दाम एखादा टॅपेट सैल करतात, एखाद्या प्लगची वायर काढतात आणि परत आवाज घेतात. शेजारी व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा कशी ओढतंय ते दाखवणारं) लावलेलं असतं, म्हणजे काटा कसा थरथरतो ते पण त्याच वेळी दिसतं. माझ्या गाडीचा आवाज पण त्यात आहे, दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा. बाबांना मी ते ऐकवलं, डोळे मिटून ऐकत होते, नंतरचा ऐकून म्हणाले, "हा नवीन घेतली तेव्हाचा आवाज आहे."

इलेक्ट्रिकवाल्यांचं पण सांगतो. एक मुलगा नेक्सॉन ईव्ही घेऊन येतो, पहिल्यांदा आला तेव्हा पद्मिनीवाल्यांनी तोंडं फिरवली, ही काय गाडी, हिला आवाज नाही. त्याने शांतपणे सांगितलं की ही बनते रांजणगावला, तुमच्या लिनिया आणि पुंतो जिथं बनल्या त्याच कारखान्यात. आणि ते खरंच आहे, फियाट आणि टाटांचा तो भागीदारीतला कारखाना, फियाट इथून गेली पण कारखाना चालू आहे. मग काकांना त्याने दिवे घाटात नेलं. काका आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले की उतारावर न्यूट्रल करू नकोस, गिअरमध्ये ठेव, इंजिनाने गाडी धर. या गाडीत पाय काढला की मोटरच गाडी धरते आणि वर बॅटरी थोडी भरते हे त्यांनी स्क्रीनवर पाहिलं. परत आल्यावर ते मंडईवाल्या आजोबांना समजावत होते, "अहो, उतार पण पैसे देतो या गाडीत." आता त्या मुलासाठी रविवारी दाराजवळची जागा राखून ठेवतात.

आता बिल आणि कमी-जास्त. माझं सगळं मिळून १९ हजारांच्या आत झालं, टाकीचं काम धरून. प्रत्येक जुना पार्ट पिशवीत घालून परत दिला, आधीच्या अनुभवानंतर मला त्या पिशवीचं फार वाटलं. बिलावर काय केलं ते मराठीत स्वच्छ लिहिलेलं असतं. नवीन फियाटचं काम पण ताई चांगलं करते असं त्या पोरांकडून ऐकलं, कोणी १.३ मल्टिजेट डिझेलला रिमॅप (ताकद वाढवायला कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) करून मागितलं तर आधी क्लच, टर्बो, इंजेक्टर तपासते आणि गाडी त्या लायक नसेल तर सरळ नाही म्हणते. कापलेला सायलेन्सर ती बसवून देत नाही, त्यावरून दोन गिऱ्हाइकं सोडून गेली, तिने जाऊ दिली.

वाईट गोष्टी पण आहेत. वेळ. एक आठवडा सांगून तीन आठवडे लागले, आणि मधल्या काळात कोणी फोन करून सांगत नाही, आपणच करायचा. पार्ट शोधायला वेळ लागतो हे मान्य, पण कळवायला काय जातंय. बसायला जागा नाही, दोन स्टूल, बाबांना घेऊन गेलो तेव्हा शेजारच्या दुकानातून खुर्ची मागावी लागली. गाडी बोळात आणणं अवघड, लांब गाडी असेल तर सकाळी नऊच्या आत जा नाहीतर टेम्पो लागलेले असतात. कार्ड चालत नाही, बाकी फोनवरून पैसे देता येतात. आणि रविवारी तातडीचं काम घेऊन जाऊ नका, कोणी हात लावणार नाही, तो दिवस वेगळा आहे. रंगकाम आणि पत्र्याचं काम ते करत नाहीत, बाहेर पाठवतात आणि त्या कामाची जबाबदारी घेत नाहीत हे आधीच सांगतात. माझ्या दाराखालचा गंज त्यामुळं तसाच राहिलाय.

कोणी जावं? पद्मिनी, उनो, पालिओ, पुंतो, लिनिया, यातलं काही असेल तर डोळे झाकून जा. दुसऱ्या कंपनीची जुनी कार्बोरेटरवाली गाडी असेल, मारुती ८०० वगैरे, तरी एकदा दाखवा, निदान पेट्रोलचे पाइप बदलून घ्या, ते ऐकतील. आणि घरात गाडीचं वेड असलेलं पोर असेल तर त्याला रविवारी घेऊन जा, गाडी नसली तरी चालेल. मी पुतण्याला नेलं. त्याचा फोन पहिल्या तासाला खिशात गेला तो अकरापर्यंत बाहेर आला नाही.

गॅरेजातून गाडी परत आणून तीन महिने झाले, खंबाटकी चार वेळा चढलो, दोनदा भर दुपारी. एकदाही मिस नाही. मागच्या रविवारी नुसतं दाखवायला गेलो, इंजिन चालू ठेवून उभा होतो. काकांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला, टोक कव्हरवर टेकवलं, आणि स्वतःच्या कानाला लावायच्या ऐवजी मूठ त्या इंजिनीअरिंगच्या पोराकडं केली. माइक नाही, गेज नाही. पोरगा डोळे बारीक करून ऐकत राहिला, मग म्हणाला, "काका, तिसरा टॅपेट. किंचित." काकांनी मला गाडी बंद करायला सांगितली, कव्हर काढलं, फीलर गेज (फट मोजायची पट्टी) तिसऱ्याला लावलं. सैल होता. मग पाना पोराच्या हातात दिला आणि स्वतः चहा सांगायला बाहेर गेले.